जिमखाना कुणाचा?

1638 साली योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो नावाचा जर्मन तरुण इराणमार्गे सुरतेला पोहोचला आणि इंग्रजांच्या वखारीत प्रेसिडेंट विल्यम मेथवोल्ड यांचा पाहुणा म्हणून राहिला. पुढे छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने वखारीतला दिनक्रम बारकाईने लिहून ठेवला आहे. रविवारचं प्रवचन संपलं की वखारवाली मंडळी बागेत जात. तिथे निशाणं लावून नेमबाजी चाले आणि पैजा लागत. मांडेल्स्लोचा नेम चांगला असावा, कारण दर आठवड्याला शंभरेक महमुदी आपल्या पदरी पडत, असं तो सांगतो. महमुदी हे तेव्हाचं सुरतेचं चलन. खेळ संपला की फळं आणि मुरंबे, आणि मग बागेतल्या पाच फूट पाण्याच्या हौदात डुंबणं.

ठरलेल्या मंडळींसाठी राखलेली जागा, चुरशीचा खेळ, पैज, खाणंपिणं आणि पोहायला पाणी. आजच्या कुठल्याही मोठ्या जिमखान्यात यापेक्षा फार वेगळं काही सापडत नाही. सुरतेच्या त्या बागेत जिमखान्याचं सगळं होतं, फक्त ‘जिमखाना’ हा शब्द नव्हता. तो यायला आणखी सव्वादोनशे वर्षं जायची होती.

शब्दाची जन्मकथा शोधायची तर पहिली दारं कोशांचीच ठोठावावी लागतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 मध्ये निघाली. ‘जिमखाना’ शब्दाची हाती लागलेली पहिली नोंद त्यानंतर चार वर्षांची, म्हणजे 1861 ची आहे. सुरतचे कवी नर्मद यांचा ‘नर्मकोश’ 1873 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा हा शब्द जेमतेम बारा वर्षांचा होता. त्याचा पहिला कसून शोध घेतला तो हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी, ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या कोशात. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या देशी आणि अर्ध्या-देशी शब्दांचा हा कोश आजही वाचनीय आहे. चाळीस वर्षांपूर्वी हा शब्द कुणाला माहीतही नव्हता, असं तिथे म्हटलं आहे. एका मेजर ट्रॉटरच्या हवाल्याने पहिला वापर रुडकीचा, 1861 चा दिला आहे, आणि त्याच नोंदीत शब्द घडवला गेला तो बहुधा मुंबई इलाख्यात, असंही म्हटलं आहे.

दोन विधानांत ताण आहे. रुडकी गंगेच्या कालव्याकाठी, हिमालयाच्या पायथ्याशी. मुंबई इलाखा इकडे, आणि सुरतही त्याच इलाख्यात. मला यात मोठा विरोध वाटत नाही. लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या एका छावणीतून दुसऱ्या छावणीत होत आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही हिंडत असे. रुडकीत अभियांत्रिकीचं थॉमसन कॉलेज होतं, सॅपर्स पलटणीची छावणी होती. नव्या शब्दाला रुजायला अशी जागा सोयीची.

आता शब्दाची फोड. ‘खाना’ सरळ आहे. फारसीत खाना म्हणजे घर, जागा. घोळ आहे तो ‘जिम’चा. यूल आणि बर्नेल यांच्या मते मूळ शब्द ‘गेंदखाना’. इंग्रज ज्या भिंतींच्या आवारात रॅकेटने चेंडू खेळत, त्या रॅकेट कोर्टाला हिंदुस्थानीत गेंदखाना म्हणत. गेंद म्हणजे चेंडू. मराठीलाही हा शब्द परका नाही, टपोऱ्या गोल फुलाला आपण अजून गेंद म्हणतो. या गेंदखान्याचा उच्चार बिघडला आणि त्याला ‘जिम्नॅस्टिक्स’चा आकार आला, असा कोशकारांचा कयास आहे. आजचे मोठे इंग्रजी कोशही थोड्याफार फरकाने हेच मानतात.

पण नुसत्या उच्चारदोषाने ‘गें’चा ‘जि’ होत नाही. इंग्रजाच्या जिभेला ‘ग’ अवघड नाही. ‘गेंद’ तो ‘गेंड’ म्हणेल, ‘गेन’ म्हणेल, ‘ज’कडे वळायचं त्याला कारण नाही. कुणाच्या तरी मनात जिम्नॅस्टिक्स हा शब्द आधीपासून घोळत असला पाहिजे. तसा तो घोळत होताच. 1860 मध्ये, म्हणजे रुडकीच्या नोंदीच्या आदल्याच वर्षी, ब्रिटिश लष्कराने मेजर हॅमर्स्लीच्या हाताखाली कसरतीचे शिक्षक तयार करण्यासाठी स्वतंत्र पथक उभं केलं. ऑल्डरशॉटला शिकून आलेले हे शिक्षक पलटणींना व्यायाम शिकवू लागले. तेव्हा छावणीतल्या अधिकाऱ्याला ‘गेंदखाना’ ऐकताना ‘जिम’ आठवणं साहजिक होतं. हा माझा तर्क आहे, पण तारखा त्याच्या बाजूने आहेत.

या ‘जिम’चं मूळ ग्रीक. ‘गिम्नोस’ म्हणजे उघडा. ग्रीक तरुण अंगावर कपडा न ठेवता कसरत करत, म्हणून कसरतीची जागा ‘गिम्नासिऑन’. म्हणजे जिमखाना या चार अक्षरी शब्दात ग्रीक, हिंदुस्थानी आणि फारसी अशा तीन भाषा नांदतात.

मराठी माणसाला हा शब्द इतक्या लवकर आपला का वाटला? कारण त्याचं शेपूट आपल्या घरचं होतं. दवाखाना, कारखाना, छापखाना, तुरुंगाला बंदिखाना, पुण्यातला फरासखाना. शिवकालीन राज्यव्यवहारात अठरा कारखाने मोजले जात. त्यांत हत्तींचा पीलखाना होता, उंटांचा उष्ट्रखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना, आणि कुस्ती-कसरतीचा तालीमखानाही होता. जिमखाना आला तेव्हा तालीमखान्याची सवय असलेल्या भाषेला तो नवा वाटला तरी परका वाटला नाही. तालीम शब्द कुस्तीच्या हौद्यापुरता उरला आणि क्रिकेट, टेनिस, बॅडमिंटन असे साहेबी खेळ जिमखान्याच्या वाट्याला आले.

इंग्रजीत मात्र शब्दाला दोन पाय फुटले. एक अर्थ जागेचा, म्हणजे गावातल्या गोऱ्या लोकांच्या खेळांचं आणि भेटीगाठींचं ठिकाण. दुसरा अर्थ स्पर्धेचा. छावणीत एखाद्या संध्याकाळी घोड्यांच्या शर्यती, भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणं, धावत्या घोड्यावरून तलवारीने लिंबू कापणं, चमच्यात अंडं घेऊन धावणं असे खेळ एकत्र ठेवले की त्या मेळाव्यालाच ‘जिमखाना’ म्हणत. या दुसऱ्या अर्थाने शब्द माल्टापर्यंत पोहोचल्याची नोंद हॉब्सन-जॉब्सनमध्येच आहे. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनातली लिंबू-चमचा शर्यत, पोत्यात पाय घालून उड्या मारणं, तीन पायांची शर्यत ही सगळी याच कुळातली.

जागेचा अर्थ सर्वांत ठळक झाला तो मुंबईत. 1875 मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तो युरोपीयांसाठी होता. समोरच्या मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळत आणि त्याच हिरवळीवर जिमखान्यातले साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडली की देशी खेळाडूंनी करायचं काय? 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद सरकारदरबारी गेला, अर्जांवर अर्ज झाले. पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिणारे शापूरजी सोराबजी या लढ्यात पुढे होते. मैदान सर्वांचं, हे म्हणणं तेव्हा सरकारला पटवून द्यावं लागलं, ही गोष्ट आज खेळाच्या मैदानांवर इमारती उभ्या राहताना पुन्हा वाचावी अशी आहे.

पारशांनी 1885 मध्ये स्वतःचा जिमखाना काढला. त्याचे अध्यक्ष सर जमशेटजी जीजीभाय आणि कार्याध्यक्ष जमशेटजी टाटा. हे टाटा मूळचे नवसारीचे, सुरतेपासून तासाभराच्या वाटेवरचे. पाठोपाठ हिंदू आणि इस्लाम जिमखाने उभे राहिले. केनेडी सी फेसला, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हच्या बाजूला, त्यांना सरकारने ओळीने जागा दिल्या. हिंदू जिमखान्याला परमानंददास जीवनदास यांचं नाव आहे. साहेबाच्या जिमखान्याचं दार बंद होतं म्हणून आपल्या लोकांनी आपापली दारं उघडली. पण ती उघडली धर्माधर्मानुसार, हे या शब्दाच्या मराठी-गुजराती इतिहासातलं सर्वांत दुखरं पान आहे.

या जिमखान्यांच्या संघांमधून आधी पारशी-युरोपीय सामने, 1907 पासून तिरंगी, 1912 पासून चौरंगी आणि 1937 पासून पंचरंगी सामने रंगले. त्यांनी क्रिकेट वाढवलं, यात वाद नाही. 1926 च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर इंग्लंडहून दौऱ्यावर आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध सी. के. नायडूंनी 11 षटकारांसह 153 धावा काढल्या, आणि त्याच दौऱ्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी 148. भारतातला पहिला कसोटी सामना 1933 च्या डिसेंबरात इथेच झाला आणि लाला अमरनाथ यांनी 118 धावांची खेळी केली. ज्या आवारात देशी माणसाला सभासद होता येत नव्हतं, तिथे देशी फलंदाजाने गर्दीला वेड लावलं.

पण देशी जिमखान्यांच्या आतही दारं होती. पालवणकर बाळू हे धारवाडला जन्मलेले, पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत राखत डावखुरे फिरकी गोलंदाज झालेले. जात चांभार. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात येई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही कप्तानपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, 1923 मध्ये, आणि तेही बरंच भांडण झाल्यावर. ‘जिमखाना’ शब्दाचा अर्थ सांगताना ही हकिकत गाळली तर अर्थ अपुरा राहतो. त्या आवारात कोण पाऊल टाकू शकतो आणि कोण नाही, हाही त्या शब्दाच्या अर्थाचाच भाग आहे. गांधीजींनी 1940 मध्ये पंचरंगी सामन्यांच्या जातीय मांडणीला उघड नापसंती दिली. 1946 नंतर ते सामने बंद पडले. बंद पडायलाच हवे होते.

पुण्यात शब्दाला वेगळं वळण मिळालं. डेक्कन जिमखाना 1906 मध्ये निघाला आणि त्याच्या उभारणीत टिळकांच्या वर्तुळातली माणसं होती. इथे देशी खेळाला साहेबी खेळाइतकाच मान मिळाला. खो-खोचे पहिले लिखित नियम 1914 मध्ये डेक्कन जिमखान्याने बांधले. वडोदऱ्याच्या हिंदविजय जिमखान्याने पुढे हुतूतूचे नियम छापून काढले आणि स्पर्धा भरवल्या. गल्लीतल्या, दर गावात निराळ्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या खेळाला मैदानाची मापं, डावाची वेळ, बाद होण्याच्या अटी मिळाल्या, म्हणूनच तो पुढे जिल्ह्याच्या आणि देशाच्या स्पर्धेत बसू शकला. ‘जिमखाना’ या परक्या कातडीच्या शब्दाने आपल्या मातीतल्या खेळांना नियमपुस्तक दिलं, हे त्याचं सर्वांत मोठं काम असं मी मानतो.

आणि ऑलिंपिकही याच दारातून आलं. पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामहोत्सवाला सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. शेतकरी घरांतली, अनवाणी धावणारी पोरं त्यांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीला येतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बराच खर्च स्वतः उचलून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक एका पायरीने हुकलं. या संघाची आठवण पुण्याच्या आणि बेळगावच्या शाळांत अजून दरवर्षी सांगितली जायला हवी.

मराठीने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला, जो इंग्रजी कोशात नाही. आपल्याकडे शाळा-कॉलेजातला खेळांचा विभाग म्हणजे जिमखाना. ‘जिमखान्यातून बॅट घेऊन ये’ असं मास्तर म्हणतात तेव्हा तो जिमखाना म्हणजे कदाचित जिन्याखालची एक खोली असते, जाळी, चेंडू, लेझीम आणि कुलूप असलेली. जिमखाना प्रमुख, जिमखाना फी, जिमखाना डे हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा महाराष्ट्रात शिकलेला माणूस सापडणार नाही. पुण्यात तर संस्थेचं नाव वस्तीला मिळालं, वस्तीचं बसथांब्याला, आणि लोक ‘डेक्कन’ एवढंच म्हणू लागले. ‘जिमखाना’ गळून गेला तरी अर्थ कळतो.

बाहेरच्या जगात शब्द भलतीकडेच गेला. ब्रिटनमध्ये आज जिमखाना म्हटलं की लहान मुलं आणि तट्टं. पोनी क्लबच्या मुलांनी खांबांमधून नागमोडी घोडा काढायचा, वगैरे खेळ. घोड्याची जागा मोटारीने घेतली तेव्हा शंकूंमधून वळणं घेत, घड्याळाशी शर्यत करत गाडी चालवण्याच्या खेळालाही तेच नाव पडलं. जपानमध्ये ‘जिमुकाना’ हा मोटारींचा मान्यताप्राप्त क्रीडाप्रकार आहे आणि त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. अमेरिकेचा मोटारचालक केन ब्लॉक याने 2008 पासून याच नावाच्या चित्रफिती काढल्या आणि त्या जगभर पाहिल्या गेल्या. त्या पाहणाऱ्या किती तरुणांना ठाऊक असेल की या नावाचं मूळ उत्तर हिंदुस्थानातल्या चेंडूच्या खेळाच्या चार भिंतींत आहे!

आता पुन्हा सुरतेकडे. गुजरातीतही ‘जीमखाना’ रुळला, पण त्याला एक डाग लागला. पत्त्यांच्या आणि पैशाच्या खेळाला आडोसा म्हणून काही ठिकाणी हीच पाटी लागली. 2021 साली अहमदाबादच्या दरियापूर भागात अशाच एका पाटीआडच्या जुगारावर पोलिसांचा मोठा छापा पडला आणि दीडशेहून अधिक माणसं पकडली गेली. पैज तर मांडेल्स्लोच्या बागेतही होती. फरक एवढाच की तिथे आधी नेम धरावा लागे.

पण सुरतेत खेळाची भूक मोठी आहे. अरविंदबाबूंचे शिष्य अंबुभाई पुराणी 1894 मध्ये इथेच जन्मले. त्यांनी आणि त्यांचे वडील बंधू छोटुभाई यांनी गुजरातभर व्यायामशाळांची चळवळ उभी केली, आणि या चळवळीला वडोदऱ्याच्या प्रा. माणिकराव या मराठी व्यायामगुरूंच्या परंपरेचा मोठा आधार होता. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत टेबल टेनिस आणि बॅडमिंटनचे सामने सुरतेच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झाले, आणि टेबल टेनिसच्या पुरुष एकेरीचं सुवर्णपदक सुरतच्याच हरमीत देसाईने घेतलं. त्याच शहरात लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली लाखो मराठी माणसं राहतात. यंत्रमागावर आणि साड्यांच्या छपाईच्या गिरण्यांत बारा-बारा तासांची पाळी करतात. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळांत त्यांची मुलं शिकतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडून येताना ही माणसं कबड्डी आणि खो-खो बरोबर घेऊन आली. त्यांच्यापाशी कमी आहे ती जागा.

म्हणून या प्रकरणाच्या वाचकाला, मग तो सुरतेत असो, पुण्यात असो की नंदुरबारला, एकच विनंती आहे. तुमच्या मुलाच्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या पावतीवर ‘जिमखाना’ असा रकाना असेल, तर एकदा शाळेत जाऊन त्या पैशातून काय आणलं, कोणते खेळ चालतात, मुलींना मैदान कधी मिळतं आणि जिमखान्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, एवढं विचारा. खोलीला कुलूप असेल तर ते उघडायला लावा.